विश्वास, धीर आणि आशा : रोजच्या मननाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे नगरला दर बुधवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थना असते. प्रार्थना संपून सतरंज्या गोळा होऊ लागल्या की चपला घालता घालता लोक जे विचारतात, ते खरे प्रश्न. उरलेले रात्री अकरानंतर मोबाइलवर येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही, निवृत्त शिक्षिका आहे. उत्तरं त्याच बेताने घ्यावीत.

१. रोजचं मनन म्हणजे नक्की काय करायचं? किती वेळ लागतो?

शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक लहानसा उतारा वाचायचा, त्यापाशी थोडं थांबायचं आणि मनात जे आलं ते देवाशी बोलायचं. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे. पारव्याच्या घुमण्यालाही शास्त्रात तोच शब्द येतो. म्हणून मी सांगते, ओठ हलवून वाचा. एखादं वाक्य पकडा आणि भाजी निवडताना, एसटीची वाट पाहताना ते घोळवत राहा. डोळे मिटून, पाठ ताठ करून बसलं तरच मनन होतं असं काही नाही.

२. उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि लेवीयमध्ये अडकलो. आता काय करू?

बहुतेक जण तिथेच अडकतात. लेवीय हे शास्त्रातलं तिसरंच पुस्तक, त्याचे २७ अध्याय यज्ञ, शुद्धी-अशुद्धी आणि याजकांच्या नियमांचे आहेत. पाठीशी पार्श्वभूमी नसेल तर तिथे दम लागतो. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेली येशूची गोष्ट, घ्या. त्याचे १६ अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. मग फिलिप्पैकरांस पत्र वाचा, ते चारच अध्यायांचं आहे आणि प्रेषित पौलाने तुरुंगात बसून लिहिलेलं आहे. सोबतीला रोज एक स्तोत्र. ज्यांना तारखेचा हिशेब आवडतो त्यांनी नीतिसूत्रे घ्यावीत. अध्याय ३१ आहेत, ज्या तारखेला जो येईल तो वाचावा.

वर्षभरात अख्खं शास्त्र वाचायचं तर रोज तीन-चार अध्याय होतात. ते चांगलंच आहे, पण मन खचलेलं असताना तो घाट घालू नये. राहिलेल्या अध्यायांची थकबाकी चढत जाते आणि माणूस आणखी खचतो (प्रश्न १७ पाहा).

३. मराठीत कुठलं भाषांतर घ्यावं? कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बायबल वेगळं असतं का?

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ६६ पुस्तकांचं शास्त्र असतं, कॅथलिकांकडे ७३. जास्तीची पुस्तकं जुन्या करारातली आहेत. नवा करार दोघांचा एकच. देवळात (चर्चमध्ये) बहुधा बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ वाचलं जातं. त्याची मराठी जुन्या वळणाची आणि भारदस्त आहे. कानाला ती सवयीची असेल तर तेच ठेवा. आजच्या मराठीत टिपांसह वाचायचं असेल तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर आता सहसा कुणाच्या हातात दिसत नाही, पण त्यामागची कहाणी मात्र मी प्रत्येकाला सांगते. साध्या बायकांना समजावं म्हणून बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून ते केलं. तिथल्याच स्त्रियांनी छापखान्यात खिळे जुळवून ते छापलं. १९२१ मध्ये बाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई स्वतः गेल्या.

४. मोबाइलवर वाचलं तर चालतं का?

चालतं. वाचेपर्यंत नेट तेवढं बंद ठेवा. वाचता येत नसलेल्या आजी-आजोबांना ऐकवायचं असेल तर मोबाइल कागदापेक्षा बरा.

५. विश्वास आहे म्हणता, मग मनात शंका का येतात? शंका म्हणजे अविश्वास का?

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे. मुलगा लहानपणापासून झटक्यांनी कोसळतो, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. तो बाप येशूला एका दमात दोन्ही सांगतो : माझा विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवायला मला मदत करा. येशू त्याला ‘आधी पक्का विश्वास घेऊन ये’ म्हणत नाही. मुलगा बरा होतो.

येशूचा शिष्य थोमा, त्याला आपण ‘संशयी’ म्हणून कायमचं नाव ठेवलं. पण योहानाच्या विसाव्या अध्यायात एक बारीक गोष्ट आहे. जखमांत बोट घातल्याशिवाय येशू पुन्हा उठला हे मानणार नाही असं म्हटल्यानंतरही, आठ दिवसांनी थोमा त्याच शिष्यांबरोबर त्याच घरात बसलेला आहे. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही उठून गेला नाही. शंका असलेल्या माणसाने प्रार्थनेला यावं की नाही, हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. यावं. चहासुद्धा घेऊन जावं.

६. मराठीत तर म्हणतात ‘आशा सुटेना आणि देव भेटेना’. मग आशा धरा असं शास्त्र का सांगतं?

हा प्रश्न एका जावईबापूंनी विचारला होता आणि मी त्या दिवशी निरुत्तर झाले होते.

आपल्या भाषेत ‘आशा’ला हावेचा वास आहे. आशाळभूत, आशा वेडी असते, कशाची आशा धरून बसलाय, असं आपण बोलतो. म्हणीतली आशा ही मिळवण्याची ओढ आहे. ती सुटल्याशिवाय देव भेटत नाही हे म्हणणं मला पटतंच. शास्त्रातली आशा वेगळी. हिब्रूत ‘वाट पाहणं’ आणि ‘आशा धरणं’ बऱ्याच ठिकाणी एकाच शब्दाने सांगतात. काय मिळेल यावर डोळा नसतो, कोण येणार आहे यावर असतो. १३० व्या स्तोत्रात रात्रीचे पहारेकरी पहाटेची वाट पाहतात आणि कवी ती ओळ दोनदा म्हणतो. कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनला विचारा. पहाट होणार की नाही याची त्याला काळजी नसते. साडेतीन वाजता ती लांब वाटते, एवढंच.

७. ‘धीर धर’ म्हणतात. पण किती दिवस?

आकडा कुणालाच देता येणार नाही. शास्त्रातले आकडे मात्र सांगते, कारण व्यासपीठावरून ते गडबडीत उरकले जातात. अब्राहाम देवाच्या वचनावर ७५ वर्षांचा असताना निघाला आणि वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता. मधली २५ वर्षं एका वाक्यात ओलांडली जातात. योसेफ १७ वर्षांचा असताना विकला गेला, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा होता. त्यातली शेवटची दोन वर्षं तर केवळ एक माणूस त्याची आठवण काढायला विसरला म्हणून तुरुंगात गेली.

याकोबाच्या पत्रात धीराला शेतकऱ्याचा दाखला आहे. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो पिकाची वाट पाहतो. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी जुन्या करारात या पावसांना ‘आगोटीचा आणि वळवाचा’ असे अस्सल शब्द योजले आहेत. तिकडे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरतो. आमच्या नगरकडच्या रब्बी ज्वारीवाल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायचं आणि मग आभाळाकडे बघायचं. पण तो नुसता बघत बसत नाही. कोळपणी करतो, पाखरं राखतो, कणगी सारवून ठेवतो. पाऊस आणणं त्याच्या हातात नाही, बाकी सगळं आहे. ‘धीर’ हा शब्द मी असाच वाचते.

८. देवाकडे तक्रार केली, रागाने बोलले. पाप झालं का?

नाही. १५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक विलापाची आहेत. १३ वं स्तोत्र ‘किती वेळ?’ असं चार वेळा विचारतं, तेही पहिल्या दोन वचनांत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी समजूत घालायला कोणी येत नाही. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं आहे. येशूने वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ म्हटलं, ती २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ.

‘ईयोबासारखा धीर’ असं आपण सहज म्हणतो. मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलेला हा ईयोब पहिले दोन अध्याय तक्रार करत नाही. तिसऱ्यापासून तो जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो. आणि शेवटी देव म्हणतो की ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, त्याचे गोडगोड बोलणारे मित्र नाही.

माझ्या आईच्या पवित्र शास्त्रात १३ व्या स्तोत्राच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं आहे. स्वयंपाक अर्धा टाकून ती ते उघडायची हे मला ती गेल्यावर कळलं. आमच्यासमोर तिने कधी आवाज चढवला नाही. देवासमोर चढवत असावी.

९. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत’ (यिर्मया २९:११) हे वचन माझ्यासाठी आहे का? मुलीच्या नीटच्या निकालाआधी फ्रेम करून लावलं होतं.

तुमच्यासाठी आहेच, पण पत्र पूर्ण वाचा. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. ‘दोन वर्षांत सगळे परत येतील’ असं सांगणारा एक संदेष्टा तेव्हा लोकप्रिय होता. यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि ११ व्या वचनाच्या अगदी आधी, १० व्यात, मुदत आहे : सत्तर वर्षं. ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा प्रवास दिसणार नव्हता.

म्हणजे हे निकालाच्या हमीचं वचन नाही. परक्या गावात संसार मांडायला सांगणारं वचन आहे. नोकरीसाठी दुबईला किंवा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना मी ते मुद्दाम पाठवते. फ्रेम काढू नका, फक्त दहावं वचनही त्यात लिहा.

१०. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा संदेश मानायचं. हे बरोबर आहे का?

कधीमधी मन हलतं, नाकारत नाही. पण सवय करू नका. बोट वंशावळीवर पडलं तर तुम्ही पुन्हा उघडणार, म्हणजे निवड तुमचीच झाली. घर घेणं, लग्न ठरवणं, नोकरी सोडणं यांसाठी तर अजिबात नको. त्यासाठी कागदपत्रं बघा, जाणत्या माणसांशी बोला आणि प्रार्थना करा.

११. प्रार्थना, उपास सगळं केलं, तरी आजार गेला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

असं ज्याने सांगितलं त्याला तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचून दाखवा. पौल लिहितो, त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. पौलाच्या हातून लोक बरे झाले होते, आणि स्वतःचा सहकारी आजारी राहिला. त्यावर एक शब्द स्पष्टीकरण नाही. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं.

कुणाचा आजार का जातो आणि कुणाचा का राहतो, याचं गणित मला येत नाही. पण खाटेवरच्या माणसाला विश्वासाची मार्कं द्यायचा अधिकार कुणालाही नाही, हे मी ठामपणे सांगते. औषधाचं काय, ते पुढच्या प्रश्नात.

१२. प्रार्थनेत बरं वाटलं. आता शुगरच्या, बीपीच्या गोळ्या बंद करू का?

नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. आजारी हिज्कीया राजाला ‘तू बरा होशील’ असा निरोप देवाकडून आल्यावरही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. लूक वैद्य होता. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, ते त्या काळचं औषधच. खरोखर बरे झाला असाल तर तपासणीत दिसेल आणि डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील. साक्ष तेव्हा द्या.

१३. सकाळी उठावंसंच वाटत नाही. वाचलं तरी शब्द आत जात नाहीत. कधी वाटतं, नकोच जगणं.

एलीया संदेष्ट्याने नेमकं हेच म्हटलं होतं, ‘आता पुरे, माझा प्राण घे’. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यानंतर लगेचच, रानात एका झुडपाखाली. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला. देवदूताने हलवून उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला, ऊठ, खा, पुढची वाट लांब आहे. प्रश्नोत्तरं नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झाली.

तेव्हा क्रम तोच ठेवा. झोप, जेवण, कुणाची तरी सोबत. दोन आठवडे असंच चाललं असेल तर डॉक्टरकडे जा, हा मधुमेहासारखाच आजार असू शकतो. जगणं नकोसं वाटत असेल तर आज, आत्ता घरातल्या कुणाला तरी सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मनन थांबलं तर थांबू द्या. आमच्यातलं कोणीतरी तुमच्या वाटचं वाचेल.

१४. नवरा मारतो. मंडळीतली वडीलधारी म्हणतात, धीर धर, प्रार्थना कर, तो बदलेल.

ताई, मार खाणं म्हणजे धीर नव्हे. दिमिष्कात (दमास्कस शहरात) जिवावर बेतलं तेव्हा पौल पाटीत बसून तटावरून खाली उतरला आणि निसटला. फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क पुढे केला. नासरेथकर येशूला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. निसटणं आणि कायद्याचा आधार घेणं यांत अविश्वास नाही.

आधी सुरक्षित जागी जा, मुलांना घेऊन. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. नवऱ्यासाठी प्रार्थना माहेरी बसूनही करता येते. मीही एकेकाळी एका मुलीला ‘अजून थोडं सोस’ म्हटलं होतं. ते शब्द परत घेता आले नाहीत.

१५. ‘विश्वासाचं बी पेरा’ म्हणून दहा हजार पाठवायला सांगतात. शंभरपट परत मिळेल का?

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे वचन, पैसे नव्हेत. येशूनेच तो अर्थ फोडून सांगितला आहे. दान द्या, खुशीने द्या, आपल्या मंडळीत द्या, शेजारच्या उपाशी घरात द्या. प्रार्थनेचा दर सांगणाऱ्याला देऊ नका. कर्ज काढून तर नाहीच.

१६. घरातले इतर विश्वासात नाहीत. किंवा कुणाच्या घरी माणूस गेलंय. अशा वेळी कुठलं वचन पाठवू?

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण माझं उत्तर एकच निघतं म्हणून एकत्र ठेवले : बहुधा कुठलंच नको.

घरच्यांना रोज सकाळी वचनं पाठवून कोणी जवळ आल्याचं मी पाहिलं नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्या काही वर्षांनी आल्या, स्वतःच्या पायांनी, स्वतःचं मन घेऊन. ती वर्षं दोघांनाही सोपी गेली नाहीत. श्रद्धा ज्याची त्याची असते. तुम्ही आपलं मनन दार लोटून शांतपणे करा, घरच्यांच्या श्रद्धेचा मान ठेवा.

दुःखाच्या घरी ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडातून काढू नका. मेलेल्या लाजराला आपण आता उठवणार हे माहीत असूनही येशू आधी रडला. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. जा, बसा, डबा न्या. पाहुणे पांगल्यावर, दहा-पंधरा दिवसांनी, पुन्हा जा. त्यांनी मागितलं तर २३ वं स्तोत्र वाचा.

१७. तीन महिने काहीच वाचलं नाही. आता कुठून सुरू करू?

आजपासून. मागचं भरून काढू नका. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळत असे तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. ‘त्याची करुणा रोज सकाळी नवी होते’ हे वाक्य विलापगीतातलं आहे, यरुशलेम जळून गेल्यानंतरचं. लिहिणारा आजूबाजूला राखच पाहत होता. नवी सकाळ म्हणजे त्याच्यासाठी सगळं ठीक झालेली सकाळ नव्हती.

मार्कमध्ये खूण म्हणून एसटीचं तिकीट अडकवलं असेल तर तिथूनच पुढे वाचा. तिकीट सापडत नसेल तर १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत, कुकरच्या तीन शिट्ट्यांत होतात.